घरचे तेल : निवड, मोजमाप आणि साठवण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, म्हणजे श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांतून, पौष-माघात प्रवास करणाऱ्यास एके काळी एक दृश्य हटकून दिसत असे. शाळू ज्वारीच्या शेतात ठरावीक अंतराने करडईचे पाटे उभे असत आणि बांधाच्या कडेने करडईचीच काटेरी ओळ राखणीस असे. गुरे काट्यांना बिचकून पिकात शिरत नसत. पावसाने पाठ फिरवली तरी सोटमूळ खोल नेणारी करडई शेतकऱ्यास पुरते रिकाम्या हाताने परतू देत नसे. भाकरीची ज्वारी आणि फोडणीचे तेल अशी दोन्ही पिके एकाच काळ्या जमिनीतून घरी येत. तेलाचा प्रश्न घरापुरता सुटलेला असे.

आज तेच तेल बहुतेक घरांत पिशवीतून किंवा डब्यातून येते. ते कोणत्या बियांचे आहे, किती आहे, किती दिवसांचे आहे आणि कशात ठेवावे, याचा विचार मात्र पूर्वीच्या मानाने कमीच होतो. धान्य निवडून घेणारी, भाजी पारखून घेणारी गृहिणी तेलाच्या बाबतीत जाहिरातीवर किंवा दुकानदाराच्या शब्दावर विसंबते. तेल हे रोजच्या आहारातील सर्वांत अधिक उष्मांकांचे, किराणा मालाच्या यादीतील महागड्या वस्तूंपैकी एक आणि निष्काळजीपणा झाल्यास घातकही ठरणारे द्रव्य आहे. यास्तव त्याची निवड व साठवण हा केवळ स्वयंपाकघराचा विषय नाही. शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत यांनीही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

जिल्ह्याची तेलपरंपरा

पूर्वीचे अहमदनगर आणि २०२४ पासूनचे अहिल्यानगर हा चौदा तालुक्यांचा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. त्याच्या भूमीचे स्वरूप जसे बदलते तसे त्याचे तेलही बदलत आले. दक्षिणेच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात करडई, हलक्या जमिनीत व विहिरीच्या पाण्यावर भुईमूग, कोठे तीळ, कोठे जवस. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या उतारांवर आदिवासी शेतकरी खुरासणी घेत आले आहेत. तिलाच इतरत्र कारळे म्हणतात. काळसर, बारीक दाण्याची ही बी चटणीस जितकी रुचकर तितकीच तेलासही चांगली. उत्तरेच्या पाटपाण्याच्या भागात ऊस आला. प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि त्या पट्ट्याची शेती पालटली. अलीकडच्या दशकांत त्याच भागात खरिपात सोयाबीनने मोठे स्थान मिळविले आहे.

गावोगावी घाणे होते. लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट आणि डोळ्यांस झापड बांधलेला बैल ही आपल्या भाषेलाही ओळखीची वस्तू. ‘घाण्याचा बैल’ हा वाक्प्रचार उगीच रुजला नाही. शेतकरी बी घेऊन जाई, तेल घरी आणी आणि उरलेली पेंड जनावरास मिळे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत या घाण्यात सुधारणा करण्याचे काम हाती घेतले आणि झवेरभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून कमी श्रमात अधिक तेल देणारी घाणी तयार झाली. तथापि यांत्रिक गिरण्या, द्रावकाने तेल काढणारे कारखाने आणि शुद्धीकरणाची तंत्रे यांपुढे गावचा घाणा टिकला नाही. अलीकडे ‘लाकडी घाणा’ ही पाटी शहरांत व तालुक्याच्या गावी पुन्हा दिसू लागली आहे. बैलाची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे, इतकेच.

करडई मागे पडण्याची कारणेही स्पष्ट आहेत. तिचे काटे जसे गुरांना टोचतात तसे मजुरांनाही टोचतात. म्हणून तिची काढणी पहाटेच्या दवात, काटे नरम असताना, हाताला फडके गुंडाळून करावी लागते. मजुरी वाढली, पाण्याची सोय झाली, ऊस-कांद्यासारखी रोख पिके आली आणि करडईचे पाटे विरळ झाले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर येथील केंद्राने ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ असे सुधारित वाण दिले. असे वाण व लागवडीची माहिती राहुरीचे विद्यापीठ आणि बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडून शेतकऱ्यांना घेता येते.

दूरचे तेल, घरची चिंता

केंद्र शासनाने १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान हाती घेतले आणि पुढील काही वर्षांत देशातील उत्पादन लक्षणीय वाढले. परंतु मागणी त्याहून वेगाने वाढली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तेलबियांसाठीच्या राष्ट्रीय अभियानास १०,१०३ कोटी रुपयांची मंजुरी देताना केंद्र शासनाने जे निवेदन केले, त्यानुसार खाद्यतेलाच्या देशांतर्गत मागणीपैकी ५७ टक्के भाग आयातीने भागविला जात होता.

या आकड्याचा अर्थ २०२२ साली प्रत्येक घरास कळला. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेलाची आवक अडली. २८ एप्रिल रोजी इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातीवर बंदी घातली, ती २३ मे रोजी उठली. काळ्या समुद्राच्या काठावरील तोफा आणि जावा-सुमात्राकडील एक हुकूम यांचा परिणाम कर्जतच्या आठवडे बाजारातील तेलाच्या भावावर झाला. आपल्या फोडणीचा संबंध इतक्या दूरवर जोडलेला असेल, तर प्रत्येक थेंब जाणून वापरणे आणि तो वाया जाऊ न देणे, ही निव्वळ काटकसर राहत नाही.

तेलाचे घटक

निवडीचा विचार करण्यापूर्वी तेलाची रचना थोडक्यात पाहू. सर्व तेले मेदाम्लांची बनलेली असतात. ही मेदाम्ले तीन प्रकारची असतात : संपृक्त, एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त. संपृक्त मेदाम्ले अधिक असलेले तेल थंडीत थिजते व सहसा लवकर खवट होत नाही; मात्र आहारात त्यांचे प्रमाण वाढल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. बहुअसंपृक्त मेदाम्लांपैकी काही शरीरास अत्यावश्यक आहेत, कारण शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही. परंतु हीच मेदाम्ले हवा, उजेड व उष्णता यांनी सर्वांत लवकर बिघडतात. एकअसंपृक्त मेदाम्ले या दोहोंच्या मधली होत.

या दृष्टीने आपल्या परिचयाची तेले पाहता असे दिसते : करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलिक या बहुअसंपृक्त मेदाम्लाचा असतो. सूर्यफुलाच्या व खुरासणीच्या तेलातही त्याचाच वाटा मोठा असतो. शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मा भाग एकअसंपृक्त ओलेइक आम्लाचा असतो. तिळाच्या तेलात ही दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात असून त्यात तेल टिकविणारी नैसर्गिक द्रव्येही असतात. सोयाबीन व मोहरीच्या तेलांत लिनोलेनिक हे दुसरे अत्यावश्यक मेदाम्ल काही प्रमाणात मिळते. पामतेलात सुमारे निम्मा, तर खोबरेल तेलात सुमारे नऊ-दशांश भाग संपृक्त मेदाम्लांचा असतो. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल विपुल असले तरी ते हवेने फार लवकर बिघडते. म्हणून ते तळणीस वर्ज्य, जवस मात्र चटणीच्या रूपाने उत्तम.

एक गोष्ट सर्वांत समान आहे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमपासून नऊ उष्मांक मिळतात. ‘हलके तेल’ आणि ‘जड तेल’ हा भेद या बाबतीत खरा नाही. तसेच ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या अक्षरांनाही फारसे महत्त्व देऊ नये. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नगण्य असते.

निवड कशी करावी

वरील विवेचनावरून एकच एक तेल सर्वगुणसंपन्न नाही, हे ध्यानी येईल. यास्तव आहारशास्त्राचा सल्ला असा की, तेले आलटून पालटून वापरावीत. ज्या घरात वर्षानुवर्षे केवळ करडई किंवा सूर्यफुलाचे तेल येते, तेथे मधून शेंगदाण्याचे किंवा तिळाचे आणावे. ज्या घरात शेंगदाणा तेलच चालते, तेथे सोयाबीन किंवा मोहरीच्या तेलाची जोड द्यावी. एकाच वेळी दोन लहान पिशव्या ठेवून एक फोडणीस व दुसरे तळणीस वापरणे, किंवा महिन्याआड तेल बदलणे, असा कोणताही मार्ग सोयीचा. कारखान्यात मिसळून विकल्या जाणाऱ्या मिश्र खाद्यतेलावर अ‍ॅगमार्क चिन्ह असणे आवश्यक असते, ते पाहून घ्यावे.

वनस्पती तुपाबाबत विशेष दक्षता हवी. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात व ती हृदयविकारास आमंत्रण देतात. शासनाने तेल व मेदांतील त्यांची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. १ जानेवारी २०२२ पासून ती २ टक्के आहे. मर्यादा आली म्हणून वनस्पती तूप पथ्याचे झाले, असे मात्र समजू नये.

घाण्याचे तेल घ्यावे की रिफाइंड, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. घाण्याच्या तेलात बियांचा मूळ वास, चव व काही उपयुक्त सूक्ष्म द्रव्ये टिकून राहतात. ते लवकर धुरावते व बियांतील दोषही त्यात उतरू शकतात. रिफाइंड तेलाचा रंग, वास व आम्लता काढून टाकलेली असते. ते अधिक उष्णता सोसते, पण त्यातील काही नैसर्गिक द्रव्ये कमी झालेली असतात. सबब फोडणीस, चटणीवर घेण्यास, भाकरीबरोबर कच्चे खाण्यास घाण्याचे तेल, तर क्वचित होणाऱ्या तळणीस रिफाइंड, अशी विभागणी करता येईल.

घाण्यावर स्वतःचे बी नेणाऱ्यांनी बियांची निवड काळजीपूर्वक करावी. ओलसर जागी साठविलेल्या शेंगदाण्यास बुरशी येते व त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास अपायकारक विष तयार होते. काळपट, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे ‘तेलालाच तर जायचे आहेत’ म्हणून घाण्यात टाकणे सर्वथा चूक. शुद्धीकरणात जे विष निघून जाते ते घाण्याच्या तेलात राहू शकते.

मोहरीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. आपल्या माळरानावर, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचा काटेरी पिवळा धोत्रा सर्वत्र उगवतो. त्याचे बी दिसण्यात मोहरीसारखे असते, पण त्याच्या तेलाने पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत या भेसळीमुळे साठहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर खाद्यतेल बंद वेष्टनातच विकावे, असा आदेश केंद्र शासनाने काढला. आजही राज्य शासनाने खास सूट दिल्याखेरीज खाद्यतेलाची सुटी विक्री करता येत नाही. पंचायत सदस्यांनी आपल्या आठवडे बाजारात ही बाब आवर्जून पाहावी.

खरेदीच्या वेळी

पिशवी किंवा डबा हाती घेतल्यावर पाच गोष्टी वाचाव्यात : तेलाचे नेमके नाव, उत्पादनाची व वापरण्याची मुदत, अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, निव्वळ परिमाण आणि जीवनसत्त्व अ व ड मिसळले असल्यास त्याचे ‘एफ’ चिन्ह. पाकिटावर शेंगेचे किंवा फुलाचे मोठे चित्र असले तरी घटकांच्या ओळीत काय लिहिले आहे, तेच प्रमाण मानावे.

परिमाणाच्या बाबतीत फसगत फार होते. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर तेलाचे वजन एक किलो नसून सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण तो जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा आहे. दोन डब्यांच्या किमतीची तुलना करताना दोन्ही वजने किलोत आणूनच करावी. हे गणित सातवीच्या विद्यार्थ्यासही सहज करता येते व ते त्याच्याकडून करून घ्यावे.

हिवाळ्यात आणखी एक शंका निघते. थंडीत तेल गढूळ झाले किंवा तळाशी थिजले की भेसळीचा संशय येतो. पामोलिनच्या बाबतीत व काही प्रमाणात घाण्याच्या शेंगदाणा तेलाबाबतही हा तेलाचा स्वाभाविक गुण आहे. तेल थोडे कोमट होताच ते निवळते. उलट वास, चव किंवा रंग अनोळखी वाटला तर तेथे मात्र थांबावे. अशा तेलाचे वेष्टन व पावती जपून ठेवून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. तेलाची भेसळ डोळ्यांनी वा जिभेने निश्चित ठरविता येत नाही. ते काम प्रयोगशाळेचे.

किती तेल पुरे ?

राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसास २००० उष्मांकांच्या आहारासाठी तेल-तुपाचे प्रमाण सुमारे २७ ग्रॅम सांगितले आहे. हे झाले साधारण सहा लहान चमचे. पाच माणसांच्या घराचा हिशेब या कमाल मापाने केला तर महिन्यास ४ किलो ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेचार लिटर तेल होते. घरात लहान मुले असतील तर त्याहून कमी लागावे. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाची गरज अधिक असते हे खरे, पण बैठे काम करणाऱ्यानेही तर्रीदार रश्श्यावर तोच तवंग मागावा, हे योग्य नव्हे. शिवाय भाजीतील दाण्याचे कूट, खोबरे, तीळ व दूध यांतूनही स्निग्धांश पोटात जातो, तो या मापाबाहेरचा.

घरचा खप जाणण्याचा एक सोपा उपाय आहे. नवे पाकीट फोडले की त्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी. ते संपले की दिवस मोजावेत. पहिल्या महिन्यातच कित्येकांना आपला खप अपेक्षेहून अधिक असल्याचे दिसून येईल. त्यानंतर कढईत थेट पिशवीतून धार न धरता चमच्याने किंवा लहान पळीने तेल घेण्याची सवय लावावी.

तेल खवट का होते ?

हवेतील प्राणवायू तेलातील असंपृक्त मेदाम्लांशी संयोग पावतो आणि त्यातून उग्र वासाची द्रव्ये निर्माण होतात. यालाच आपण तेल खवट झाले म्हणतो. उजेड, उष्णता आणि तांबे-लोखंडासारख्या धातूंचा स्पर्श यांनी ही क्रिया वेग घेते. पाण्याचा अंश मिसळल्यास तेलातील आम्लता वाढते. तेलात जुन्या खवट तेलाचा अंश राहिला तर नवे तेलही लवकर बिघडते. विरजणाने दूध जमावे तसा हा प्रकार आहे. खवट तेलाने जीवनसत्त्वे नष्ट होतात, पोटाचे विकार संभवतात आणि अन्नाची चव तर जातेच.

आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या घरात चुलीशेजारी, खिडकीच्या उन्हात ठेवलेली तेलाची बाटली म्हणजे वरील सर्व दोषांना एकत्र आणणेच होय. पूर्वी तेल चामड्याच्या वा मातीच्या बुधल्यात, घरातील काळोख्या कोपऱ्यात ठेवीत. ती जागा अडगळीची म्हणून हसण्याजोगी नव्हती. ती थंड व अंधारी होती, हेच तिचे महत्त्व.

साठवणीचे नियम पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. एका वेळी महिना-दीड महिन्यास पुरेल इतकेच तेल घ्यावे. मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण उघडल्यावर तीन-चार महिने चालणार असेल तर ती स्वस्ताई फसवी ठरते. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून डबा घेऊन लगेच वाटून घेणे अधिक चांगले.

२. साठ्याचे तेल घट्ट झाकणाच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यात किंवा गडद काचेच्या बाटलीत ठेवावे. तांब्या-पितळेची व गंजलेली लोखंडी भांडी टाळावीत.

३. भांडे तेलाच्या मानाने फार मोठे असू नये. अर्ध्या रिकाम्या डब्यात तेलाइतकीच हवाही साठते.

४. रोजच्या वापरासाठी तीन-चार दिवसांचे तेल लहान भांड्यात काढावे व मोठे भांडे चुलीपासून दूर, अंधाऱ्या जागी ठेवावे.

५. जुन्या तेलावर नवे तेल ओतू नये. भांडे रिकामे झाले की गरम पाणी व साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच भरावे.

६. ओला चमचा तेलात बुडवू नये.

७. घाण्याचे तेल काही दिवस निवळू द्यावे व तळाचा गाळ वेगळा करून वरचे तेल साठवावे.

तळणीचे उरलेले तेल

दिवाळीचा फराळ झाला, कुरडया-पापड तळून झाले की कढईत तेल उरते. ते टाकण्यास जीव धजत नाही आणि पुन्हा पुन्हा तापविले जाते. तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक ध्रुवीय संयुगे साठत जातात. व्यावसायिकांसाठी या संयुगांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून २५ टक्के ठरविण्यात आली आहे. तिच्यापुढे गेलेले तेल अन्नासाठी वापरता येत नाही. घरी असे मोजमाप शक्य नसते. म्हणून नियम सोपा ठेवावा : कढईत मुळातच थोडे तेल घ्यावे, तळण झाल्यावर तेल गार करून गाळावे, ते पुन्हा तळणीस न घेता एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीस संपवावे. काळवंडलेले, फेसाळणारे, चिकट झालेले किंवा लवकर धुरावणारे तेल अन्नात वापरू नये. ते मोरीत ओतल्यास नळ व गटार तुंबतात, हेही ध्यानात ठेवावे. मोठ्या उपाहारगृहांकडील असे तेल गोळा करून त्यापासून जैवइंधन करण्याचा उपक्रम केंद्रीय प्राधिकरणाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू केला. यात्रा-उरुसांत भजी-वड्याच्या कढया दिवसभर पेटलेल्या असतात, तेथेही ग्रामपंचायतीने ही समज द्यावी.

डबा कशाचा होता ?

साठवणीच्या या चर्चेत एक बाब सर्वांत गंभीर आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका गावी प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजन घेतल्यानंतर २३ मुले मृत्युमुखी पडली. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात व अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेलाचा वास व रंग वेगळा असल्याचे स्वयंपाकिणीने सांगितले होते, पण ते मनावर घेतले गेले नाही, असे पुढे प्रसिद्ध झाले.

आपला जिल्हा ऊस, कापूस, कांदा व फळबागांचा आहे. औषध-फवारणीचे डबे येथे घरोघरी आहेत. डबा मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, टाकवत नाही. मग कोणी तो धुऊन रॉकेलसाठी, कोणी बियाण्यासाठी आणि कोणी तेलासाठी वापरतो. कितीही धुतला तरी अशा डब्यातील विषाचा अंश जात नाही आणि ही विषे तेलात सहज विरघळतात. औषधाचा डबा रिकामा होताच तो तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे व डब्यास भोके पाडून तो निकामी करावा. कीटकनाशके व खाद्यपदार्थ एका फडताळात, एका पडवीत, एका पिशवीत कधीही ठेवू नयेत. घरातील लहानथोरांस, वाचता न येणाऱ्या वृद्धांसही हा नियम तोंडपाठ असला पाहिजे.

शाळेत व गावात

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी प्रत्येक मुलामागे दररोज ५ ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७.५ ग्रॅम तेल, असे प्रमाण ठरलेले आहे. प्राथमिकची १२० मुले असलेल्या शाळेस दिवसाला ६०० ग्रॅम व २४ दिवसांच्या महिन्यास १४ किलो ४०० ग्रॅम तेल लागेल. १५ किलोचा डबा आला तर तो महिनाभर पुरतो. १५ लिटरचा आला तर ७५० ग्रॅम तेल कमी पडते, म्हणजे सव्वा दिवसाची फोडणी मुलांच्या ताटातून जाते. डबा उतरवून घेताना त्यावरील निव्वळ वजन व मुदत वाचून नोंदवहीत लिहिणे हे मुख्याध्यापकांचे व शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. तेलाचे सील प्रथम कोणत्या तारखेस फोडले, याचीही नोंद असावी. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घ्यावी, असा दंडक आहे. तो सहीपुरता उरू नये. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने ‘गुरुजी, आज तेलाला वास येतोय’ असे म्हटले, तर त्या क्षणी चूल विझवावी. तिचे नाक ही त्या शाळेची पहिली प्रयोगशाळा आहे.

वर्गासाठी एक प्रात्यक्षिकही सुचवावेसे वाटते. एकाच तेलाच्या दोन लहान काचेच्या बाटल्या भराव्यात. एक उन्हाच्या खिडकीत, झाकण सैल ठेवून मांडावी. दुसरी घट्ट बंद करून कपाटात ठेवावी. दर शनिवारी मुलांनी दोहोंचा वास घेऊन वहीत नोंद करावी. काही आठवड्यांत जो फरक पडेल तो मुले घरी सांगतील आणि खिडकीतली बाटली आईच्या हातून आपोआप कपाटात जाईल. हे तेल अर्थातच चाखू नये.

ग्रामपंचायतीस करता येण्याजोगी कामे थोडी, पण मोलाची आहेत. आठवडे बाजारात सुट्या तेलाच्या विक्रीवर लक्ष ठेवणे. औषधांचे रिकामे डबे गोळा करण्याची जागा ठरविणे. गावात घाणा असल्यास बी स्वच्छ व कोरडे असावे यासाठी घाणेवाल्यास व शेतकऱ्यांस समजावणे. महिला बचत गटांच्या बैठकीत तेलाचा हा हिशेब मांडणे. रब्बीच्या नियोजनाच्या वेळी ज्वारीत करडईचे पाटे पुन्हा घेण्याची चर्चाही ग्रामसभेत व्हावी. प्रत्येक घरास पुरेल इतकी करडई बांधावर पिकली, तर त्या घराचा डबा तरी दूरच्या बाजारावर अवलंबून राहणार नाही.

तेल ही पूर्वी शेतातून घरात येणारी वस्तू होती. तिची पारख आपोआप होत असे. आता ती बाजारातून येते, म्हणून पारख शिकावी लागते. वाचून घेणे, मोजून वापरणे, झाकून ठेवणे आणि शंका येताच थांबणे एवढीच ती पारख आहे. ती शिकण्यास खर्च नाही. न शिकण्याची किंमत किती असते, ते सारणच्या त्या शाळेने दाखवून दिले आहे.